सेकंदाला चौदा फटके

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भांडण फोनवर करायचं नाही, पत्रातून करायचं, हा बाबांचा नियम. पाकीट चिकटवेपर्यंत राग निवतो म्हणायचे. माझा निवलेला नाही, तरी पत्र टाकतोय.

आपल्या बँडचं नवं गाणं तू जुळवून पाठवलंस, ते ऐकलं. तुझे ड्रम्स झकास. पण गिटार कोणी वाजवली? घरी वाजवून तुला काय पाठवलं होतं ते मला ठाऊक आहे. मिनिटाला दोनशे दहा ठोक्यांची लय, दर ठोक्याला तारेवर चार, म्हणजे सेकंदाला चौदा फटके पडायला हवेत, आणि अर्ध्या मिनिटानंतर माझा हात चिखलात रुतल्यासारखा होतो. या गाण्यात मात्र वेगवान भागाची दोन्ही मिनिटं एक फटका इकडचा तिकडे नाही. आपला बँड सोडून गेलेला गिटारवाला लंबू हल्ली तुझ्या स्टुडिओत चहाला येतो, असं दाजी बोलता बोलता बोलून गेले. एप्रिलच्या कार्यक्रमात गिटार घेऊन मी उभा राहणार की तो, एवढंच सरळ सांग.

दाजींना नमस्कार. लोभ आहे, पण सध्या जरा तपासून घेतोय.

तुझा भाऊ

११ फेब्रुवारी

चि. चष्म्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर तपासतोस, आता बहिणीचाही काढायला निघालास. लंबू चहाला येतो आणि चहाच पितो. गिटारला त्याने बोटही लावलेलं नाही. गाण्यातला प्रत्येक फटका तुझाच आहे. याहून जास्त विचारू नकोस.

उलट मलाच एक विचारायचंय. तू पाठवलेलं ऐकलं तर पुढेपुढे प्रत्येक फटका जाड होत जातो. म्हणजे कोपर आखडतंय. तुझी बायको म्हणते, हल्ली तू डब्याचं झाकण डाव्या हाताने उघडतोस. काय लपवतोयस?

तब्येतीला जप. आधी उत्तर, मग लोभ.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारू नकोस म्हणालीस, तेव्हाच पाल चुकचुकली. दुपारी गिऱ्हाईक नसताना कानाला हेडफोन लावून बसलो. वेगवान भागात एके ठिकाणी तार किंचित कुरकुरते. साडेचार सेकंदांनी पुन्हा, तशीच, तेवढीच. सव्वीस वेळा मोजली. माणूस एकच चूक सव्वीस वेळा इतकी सारखी करत नाही. चोर सापडला ताई, तो मीच निघालो. माझे साडेचार सेकंद तेवढे बरे होते, ते तू एकापुढे एक चिकटवलेस. बाकीचा मी फेकून दिलास.

लंबूने वाजवलं असतं तर इतकं लागलं नसतं. स्टेजवर माझा हात अडखळेल तेव्हा काय कापणार आहेस? कोपराला पट्टा बांधतोय, हो. डॉक्टरांकडेही जाऊन आलो, हाताला विश्रांती द्या म्हणाले. तेव्हा कार्यक्रमाला लंबूलाच घे.

मोठ्यांना नमस्कार. लोभाचं तूच बघ.

भाऊ

२७ फेब्रुवारी

चि. भाऊस,
आशीर्वाद.

चुकले. तुला वाईट वाटू नये म्हणून केलं, हे अर्धंच खरं. मला गाणं बिनचूक हवं होतं, हे उरलेलं अर्धं. तुला आधी सांगण्याचं धाडस झालं नाही, याची लाज वाटते.

लंबूला चहा कशासाठी पाजत होते तेही ऐक. मला ड्रम्समधलं कळतं, तुझ्या उजव्या हातातलं त्याला कळतं. तुझं वाजवणं त्याला ऐकवलं. तो म्हणाला, तार छेडायची पिक इतकी घट्ट धरतो की तीच दमत असेल. पिकचं टोक तारेच्या पलीकडे जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं जाऊ द्यायचं. हालचाल मनगटातून, हाताचं पाणी झटकावं तशी, कोपर मोकळं. आणि तू वर्षभर सावकाश सुरू करून वेग वाढवत नेतोयस, तिथेच घोडं अडलंय. सावकाश चालणारा हात निराळा, पळणारा निराळा. पूर्ण वेगाने चारच फटके मार आणि थांब. खांदा सैल कर. मग आठ, मग सोळा. कोपर आखडलं की त्या दिवशी गिटार पेटीत.

आधी पंधरा दिवस हाताला आराम दे, मग हे. लंबूला मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. जागा तुझी आहे.

राग धर, पण पत्र टाक.

तुझी ताई

२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लंबूचा सल्ला म्हणून आधी विश्वास बसला नाही. माझा हात कायमचा बिघडावा म्हणून सांगतोय की काय, असंही मनात आलं. पण चार फटक्यांनी कोपर दुखलं नाही. सोळांनीही नाही. डॉक्टरांनी परवा पट्टा सोडला.

सोबत नवं रेकॉर्डिंग आहे, एका दमात वाजवलेलं. दीड मिनिट टिकलोय. मग हात जड होतो आणि लय उतरते. शेवटचं अर्धं मिनिट कुणाच्याही कानाला कळेल. यात कात्री लावलीस तर नियम गेला खड्ड्यात, फोनच करेन.

लोभ असावा, अख्ख्यावर असावा.

भाऊ

५ एप्रिल

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

खोटं कशाला बोलू, तूही कुठेतरी जोड दिला असशील असं वाटून तीनदा तपासलं. जोड सापडला नाही. मग दारामागे उभी राहून रडले, दाजींना सांगू नकोस.

शेवटचं अर्धं मिनिट तसंच ठेवलंय. ड्रम्स मात्र मी नव्याने वाजवले. तुझा हात जिथे जड होतो तिथे माझेही हात जड केले, लय तुझ्याबरोबर उतरवली. आता दोघं एकदमच दमतो. लंबूला ऐकवलं. त्याला वाटलं, गाणं असंच बांधलंय.

येताना सावकाश गाडी चालव.

तुझी ताई