भिंतीवरची लाकडी स्की

बाबांना मेरिनचा डोंगरावरून नमस्कार.

मी बरी आहे. खोली ऊबदार आहे, जेवण वेळेवर मिळतं. तुमचा गुडघा कसा आहे? कॅलम बोटीवरून येताना मासे आणून देतो ना?

शनिवारी, जून लागताच, नेहमीसारखा स्कीचा हंगाम सुरू झाला. बर्फ अजून नाही. बर्फ करणारी यंत्रं मांडून ठेवली आहेत, पण रात्री तेवढी थंडीच पडत नाही. शेजारच्या खोल्या रिकाम्या आहेत, त्यामुळे झोप शांत लागते.

बर्फ पडावा म्हणून बर्फदेवाची होळी नेहमीसारखी पेटवली. पण त्याला वाहायला जुनी स्की कुणाकडेच उरली नव्हती. गेल्या काही वर्षांत सगळ्या जाळून झाल्या. म्हणून लिफ्टवाला डूगल कॅन्टीनच्या भिंतीवरची तुमची लाकडी स्की काढायला स्टुलावर चढला.

मी म्हटलं, "खाली उतर. ती बाबांची आहे."

"अगं, म्हातारा आता कुठे घसरायला येतोय? आणि देवाला प्लास्टिक चालत नाही."

"चालवून घेईल. त्याचेही दिवस फिरलेत."

सगळे हसले. मग मी माझी रोजची प्लास्टिकची स्की आणून आगीत टाकली. धूर काळा आला. केसांतून वास अजून जात नाही.

डूगलने हळूच विचारलं, "आणि बर्फ पडला तर कशावर घसरशील?"

मी स्टुलावर चढून तुमची स्की उतरवून घेतली.

ऑगस्टमध्ये, ऐन हिवाळ्यात, इकडे यायची घाई करू नका. तुमची स्की पुसून बांधून ठेवली आहे, मीच घेऊन येते. माझी खोली मोकळी आहे, की कॅलमने तिथे जाळी भरून ठेवलीत?

तुमची,
मेरिन