तुम्ही एकदाच दाबलं होतं

बाबा,

आज रविवार. सकाळी पाणी भरलं, पोहे केले, मग ऑफिसचा रिपोर्ट पुरा करायला बसले. माझा माऊस परवा बंद पडला, म्हणून कपाटातून तुमचा काढला, तो काळा, वायरवाला. स्क्रीनवरची एक खिडकी बंद करायला बटण दाबलं तर मागचीही बंद झाली. खालचं भिंग पुसलं, वायर दुसऱ्या पोर्टमध्ये लावली, सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग बदलून पाहिला. फरक नाही. तुमची नात मागे उभी होती. "मम्मी, एकदाच दाब ना यार!" मी म्हटलं, एकदाच दाबतेय. "दे इकडे." तिने दाबून पाहिलं आणि हसली. "अच्छा! आतला स्विच झिजलाय. एकाचे दोन होतात. फेक, नवा घेऊ." फोनवर दोन-तीन दाखवले. एकाचा तर दाबल्याचा आवाजच येत नाही म्हणे. मी म्हटलं, आवाजवाला घे, दाबल्याचं कळलं पाहिजे. तो मागवून ती मेट्रोनं मैत्रिणीकडे गेली.

तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली. त्याआधीची ती दुपार. मयूर विहारच्या याच खोलीत तुम्ही कॉम्प्युटरवर आईचे फोटो बघताय. पुढचा फोटो म्हणून दाबता आणि मधला एक निघून जातो. मागे येता, पुन्हा तोच सुटतो. मी स्वयंपाकघरातून हात पुसत येते आणि नागपूरहून आलेल्या काकांसमोर म्हणते, "बाबा, तुम्ही दोनदा दाबता. हात थरथरतो आता तुमचा." तुम्ही म्हणता, "पोरी, तीस वर्षं सरकारी टायपिंग केलं. माझं बोट दोनदा पडत नाही." काका म्हणतात, "भाऊ, माणसामागं बोटंही रिटायर होतात!" मीही हसते. तुम्ही माऊसवरचा हात काढून घेता. "मग तूच कर." त्यानंतर तुम्ही कॉम्प्युटरला हात लावला नाही. हयातीच्या दाखल्याचा फॉर्मसुद्धा शेजारी उभं राहून माझ्याकडून भरून घेतलात. कार्बनच्या चार प्रती बिनचूक काढणारा माणूस.

वरचं वाचून वाटेल की मला हे आज कळलं. तसं नाही. तुम्ही गेल्यावर काही महिन्यांनी हा माऊस एकदा लावला होता. दहा मिनिटांत समजलं होतं. वायर गुंडाळून कपाटात मागे सारला. आज पुन्हा लावला तो, कदाचित तेव्हा माझंच काही चुकलं असेल, दोष तुमच्या हाताचाच निघेल, या आशेनं. काका तो किस्सा अजून लग्नाकार्यात सांगतात. लोक हसतात. मी समोर बसून ऐकून घेते. दोष माऊसचा होता हे काकांना सांगणं एका फोनचं काम आहे. पोरगी गेल्यावर नंबर काढलाही होता, पण लावला नाही.

बाल्कनीतले कपडे वाळले होते. ते आत आणले आणि घड्या घातल्या.