हेल्मेटमधली पहिली चिठ्ठी

७ ऑगस्ट, सोमवार

आठवे! पेपरवाल्यांनी आम्हाला आठवं ठरवलंय. दहा संघांची आइस हॉकी लीग, हंगाम सुरू व्हायला अजून पाच आठवडे, आणि यांचा निकाल तयार. आमच्या एल्वेस्टाडला सगळ्या मिळून सहा ओळी दिल्यात — दोन कॅनडावाले नवे, एक लाटव्हियाचा बचावपटू, स्वीडनहून आणलेला प्रशिक्षक. माझ्या वाट्याला एक शब्द. "अनुभवी." पस्तिशीच्या माणसाला हळू म्हणायची लाज वाटली की अनुभवी म्हणतात!

नऊ वर्षं कप्तान आहे मी या संघाचा. नऊ वर्षं छातीवर ते सी अक्षर. राग्नी म्हणाली, पेपर बाजूला ठेव, कॉफी गार होतेय. बायकोला काय जातंय बोलायला.

१२ ऑगस्ट, शनिवार

हंगामातला बर्फावरचा पहिला सराव. एरवी या दिवशी मी लहान पोरासारखा खूश असतो. आज पंधरा मिनिटांत मांड्या भरून आल्या. सिव्हर्ट — तेवीस वर्षांचा आमचा मधला आक्रमक — माझ्या बाजूने दोनदा असा निघून गेला की जणू मी तिथे नव्हतोच. वर वळून "सॉरी" म्हणाला. सॉरी कसलं रे? पुढे जाण्याबद्दल?

मार्चचं कुणी काढत नाही. बाद फेरीचा सातवा, निर्णायक सामना, जादा वेळ, मी मूर्खासारखी एकाच्या पायात काठी घातली. दोन मिनिटं शिक्षेच्या बाकावर. तेवढ्यात आमच्यावर गोल बसला, हंगाम खल्लास. तेव्हापासून आजपर्यंत एक माणूस मला बोललेला नाही. आमच्याकडे बोलतच नाहीत. कॉफी पुढे करतात, हवापाण्याचं विचारतात आणि मनात नोंद ठेवतात.

१७ ऑगस्ट

लेनार्टने, म्हणजे या स्वीडिश प्रशिक्षकाने, जाहीर केलं की पुढच्या शुक्रवारी कप्तानाची निवड. त्यात नवं काही नाही, दरवर्षी चिठ्ठ्या टाकतोच आम्ही. पण बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

टोर्मोड म्हणाला, "कशाला घाबरतोस? तुझ्याशिवाय आहे कोण?" त्याच्या बोलण्याने जरा बरं वाटलं. शाळेपासून एकत्र खेळतोय आम्ही. माझ्या लग्नात शेजारी तोच उभा होता, आणि अंगठी खिशात सापडेना तेव्हा माझ्यापेक्षा जास्त घाम त्यालाच फुटला होता.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

लिहितो. लिहिल्याशिवाय जेवण जायचं नाही.

बावीस जण, बावीस चिठ्ठ्या. नाव लिहायचं, घडी घालायची, बाकावर उलट्या ठेवलेल्या हेल्मेटमध्ये टाकायची. लेनार्ट एकेक उघडून मोठ्याने वाचणार. पहिलीच चिठ्ठी उघडली — "हालवोर." मी बुटाच्या नाड्या आवळत होतो. वर पाहिलंही नाही, नुसता मान हलवून हसलो. कप्तानासारखा!

मग सिव्हर्ट. सिव्हर्ट. टोर्मोड. सिव्हर्ट. सिव्हर्ट. टोर्मोड... माझं नाव पुन्हा आलंच नाही. वाट पाहतोय, वाट पाहतोय, हेल्मेटचा तळ दिसायला लागला तरी माझं आपलं चेहऱ्यावरचं हसू तसंच. काढावं कसं तेच कळेना. सिव्हर्ट पंधरा. टोर्मोड सहा. मी एक.

एक! नऊ वर्षांत यांच्यासाठी तीन दात गमावले, नाक दोनदा मोडून घेतलं. त्याची किंमत एक चिठ्ठी.

मी माझं मत टोर्मोडला दिलं. स्वतःचं नाव लिहिणाऱ्याला आमच्या गावात कुणी माफ करत नाही. असला माणूस दुकानात शिरला तर लोक पावाचं फडताळ न्याहाळत बसतात. माझे आजोबा नगरपालिकेला उभे राहिले तेव्हा त्यांनीसुद्धा समोरच्याला मत दिलं होतं. आणि एका मताने पडले.

२६ ऑगस्ट

बोर्गहिल्डबाई माझ्या जर्सीवरचं सी उसवताना पाहिली. संघाच्या कपड्यांचं सगळं तिच्याकडे असतं. चष्मा नाकावर, हातात छोटी कात्री. मला बघून म्हणाली, "बस, वॉफल खा. आजचं चीज चांगलं आहे." खाल्लं. तिने काम थांबवलं नाही. कापडावर सुईची भोकं राहिली, अक्षर गेलं तरी वळण वाचता येतं. धुतल्यावर बुजतील म्हणाली.

२९ ऑगस्ट

येर्मुंडने गाडीपाशी गाठलं. आमचा जुना बचावपटू, दहा वर्षांत माझ्याशी दहा वाक्यं बोलला असेल. इकडे तिकडे बघून हळूच म्हणतो, ती एक चिठ्ठी होती ना, ती माझी.

खोटं! तोंडावर खोटं! मी "आभारी आहे" म्हणालो आणि दार आपटलं.

३१ ऑगस्ट

आज यारी. आमचा फिनिश गोलकीपर. सरावानंतर पाठीवर थाप मारून म्हणाला, मी तर तुलाच दिलं होतं बाबा. हाही खोटारडा. जणू वाटेत दिसलेल्या भिकाऱ्याला द्यावं तसं आपलं एक मत माझ्या हातावर ठेवतात सगळे! सिव्हर्टला पंधरा देताना हात नाही थरथरले.

१ सप्टेंबर

उकडलेली कोळंबी, पाव, लिंबू. मी सोलत होतो आणि या दोघांना शिव्या घालत होतो. राग्नी म्हणाली, "अरे, दोघंही खोटं कशाला बोलतील? एक तर खरा असेलच की."

"नाही."

"चिठ्ठी तर होती ना एक? कुणीतरी टाकलीच असणार."

मी म्हणालो, तू यांना ओळखत नाहीस. तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग उठून सालं गोळा करायला लागली. आजकाल घरातसुद्धा माणसाने बोलायचं नाही!

२ सप्टेंबर, शनिवार

क्लबचं श्रमदान. दर हंगामाआधी होतं. खेळाडू, त्यांचे आईबाप, गावातले रिकामे लोक, सगळे सामन्यांच्या हॉलमध्ये येऊन प्रेक्षकांची बाकं रंगवतात, काचा पुसतात, सॉसेज भाजून खातात. मी जाणार नव्हतो. नाही गेलो तर बोलतील, म्हणून गेलो.

टोर्मोडने मुद्दाम माझ्या शेजारचं बाक घेतलं. तासभर रंगवलं दोघांनी. मग ब्रश न थांबवता म्हणाला, "हालवोर, तुला सांगायचं राहिलं. ती चिठ्ठी माझी होती."

मला काय झालं सांगता येत नाही. येर्मुंडचं सोसलं, यारीचं सोसलं, पण हा! मी उभा राहिलो आणि सगळा हॉल ऐकेल असा ओरडलो — ऐका हो, एका मताला तीन बाप निघाले! लोक वळून बघायला लागले. सिव्हर्ट शिडीवर होता, तो तसाच थांबला.

"हळू बोल," टोर्मोड म्हणाला. "मी कशाला खोटं बोलू?"

"तुझी नव्हती ती! खोटारड्या, तुझी नव्हती!"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने साधंच विचारलं, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं:

"पण माझी नव्हती हे तुला इतकं पक्कं कसं ठाऊक?"

मी हातातला ब्रश डब्याच्या कडेला पुसत राहिलो. टोर्मोड माझ्याकडे बघत होता आणि बघता बघता त्याचा चेहरा बदलला. "बरं," म्हणाला. एवढंच. पुन्हा खाली बसून रंगवायला लागला. यारीने मान खाली घातली. वरच्या रांगेत कुणीतरी हसलं, कोण ते पाहिलं नाही.

ब्रश डब्यात टाकून निघून आलो. शर्टाला रंग लागलाय. राग्नीला म्हणालो, डोकं दुखतंय.

४ सप्टेंबर

लेनार्टला फोन करून सांगितलं, खेळणार नाही. थांब म्हणाला नाही, विचार कर म्हणाला नाही. "सलामीच्या सामन्यापर्यंत तुझी जागा ठेवतो," म्हणाला. तेरा तारखेपर्यंत. उपकार!

६ सप्टेंबर

सिव्हर्ट दारात. आत येईना, बूट काढून काढून पुन्हा घातले. म्हणाला, "तू नसलास तर ड्रेसिंग रूममध्ये मला कोण ऐकणार? ये ना तू." चांगलं पोरगं आहे, तीच तर पंचाईत. नालायक असता तर मला झोप तरी लागली असती. त्याला म्हणालो, तुला पंधरा जण ऐकतात, तुला सोळावा कशाला. गेला बिचारा.

तो निघाला तेव्हा टोर्मोडचं विचारलं मी. आला नाही का तुझ्याबरोबर? सिव्हर्ट म्हणाला, तो त्या दिवसाबद्दल काहीच बोलत नाही. कुणी विषय काढला तर उठून जातो.

९ सप्टेंबर

पायरीवर रानातल्या पिवळ्या बेरीच्या मुरंब्याची बरणी. टोर्मोडची आई दर सप्टेंबरला देते, टोर्मोड आणून देतो, तासभर बसतो, अर्धा इथेच खातो. यंदा घंटा वाजवली नाही. बरणी ठेवून गेला. खिडकीतून त्याची गाडी वळताना दिसली, मी पडद्याआड झालो. पस्तीस वर्षांचा घोडा, पडद्याआड!

राग्नी म्हणते, जा, बोल त्याच्याशी, एका वाक्याचं काम आहे. तेच तर एक वाक्य आहे.

११ सप्टेंबर

पेपरात पुन्हा आम्ही. आता सातवे. "नव्या कप्तानामुळे संघात चैतन्य." मी नाही म्हटल्यावर एक जागा वर!

१२ सप्टेंबर

लेनार्टला कळवलं, माझी जागा दुसऱ्याला द्या. राग्नीने दाराशी काढून ठेवलेली माझी खेळाची बॅग मी उचलून तळघरात ठेवली. मुरंबा उघडलाय तिने. एकटीच खाते.

१३ सप्टेंबर, बुधवार

आज सलामीचा सामना. हॉलकडे जाणाऱ्या गाड्या दिसतायत.

ती चिठ्ठी माझीच होती. टोर्मोडला मत दिल्याचं वर लिहिलंय ते खोटं आहे. दरवर्षी एक माझीच असायची, बाकीच्यांत मिसळून जायची. नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा कप्तान झालो तो अकरा विरुद्ध दहा. समोर टोर्मोड होता. त्याने स्वतःचं मत मला दिलं होतं.