पप्पांची मिशी

प्रिय अनुताई,

फोनवर मी हां-हूं करून ठेवून देते म्हणून तू चिडतेस. पण फोन मम्मीचा, आणि मी बोलत असले की ती बाजूलाच बसलेली असते. काय बोलणार? म्हणून लिहितेय. शाळा सोडल्यापासून एवढं कधी लिहिलं नाही. चुका दिसतील, हसू नको.

पप्पा बदललेत. आधी मिशी गेली. दिवाळीनंतर एका सकाळी मोरीतून बाहेर आले तर ओठ कोरा. मम्मीची भाकर तव्यावरच करपली. आपल्यात बाप गेल्याशिवाय कोणी मिशी काढतं का? आबा तर तिकडे गावात ठणठणीत. मम्मी म्हणाली, "तुमना बाप जित्ता शे ना अजून?" पप्पा म्हणाले, ब्लेड चुकलं. अख्खी मिशी जाईपर्यंत चुकत राहिलं? मी मान खाली घालून साडीचे दोरे कापत बसले, पण तेव्हापासून माझा डोळा त्यांच्यावरच.

मग आवाज. कापडाच्या लूमच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस, पाणी मागितलं तरी आपल्या डिंडोलीच्या नाक्यावर ऐकू जायचं. ते एकदम हळू बोलायला लागले. मला बेटा म्हणायला लागले. मम्मी म्हणाली, हे घरातलं नाही, कोणीतरी शिकवलंय. शर्टाला पावडरचा वास. खिशात टाचण्या. पुरुषाला टाचण्या कशाला लागतात? आणि एक दिवस मम्मीची मोरपंखी साडी, तुझ्या लग्नातली, पेटीतून वेगळ्याच घडीत निघाली. निऱ्यांच्या जागी ताज्या चुण्या. मम्मीने ती हुंगून बघितली. कोणीतरी नेसली होती. त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने मलाच पप्पांच्या मागे पाठवलं. मी ओढणी तोंडाला बांधून निघाले. उधन्याला लूमच्या खात्याकडे बसमधून उतरायच्या जागी पप्पा उतरलेच नाहीत. थेट रिंग रोडला गेले, साडीच्या मार्केटात शिरले. गर्दीत ते मला सापडेनात. एकेका दुकानात डोकावत गेले. एका दुकानात पांढऱ्या गादीवर एक उंच बाई पाठमोरी उभी होती, हिरवी साडी, पदर एकदम झोकात. मला वाटलं, हीच असेल. ती वळली. ताई, ते पप्पा होते. पँट-शर्टावर साडी नेसलेले, समोर बसलेल्या बायांना पदर कसा पडतो ते दाखवत म्हणत होते, "जुओ बेन, पल्लू केवो पडे छे."

आरशात त्यांनी मला बघितलं. मला वाटलं, साडी ओरबाडून टाकतील. नाही टाकली. त्या बायांना नीट वळून दाखवलं, घडी घातली, मग खाली आले. चहा पाजला. त्यांच्या शेठने जुने लूम भंगारात काढले तेव्हाच हे काम धरलं म्हणे. साडीवर मिशी दिसली की गिऱ्हाईक हसतं, म्हणून ती गेली. निऱ्या जमेनात, म्हणून घरी कोणी नसताना मम्मीची साडी नेसून बघायचे. आणि म्हणाले, "खात्यात मला कधी कोणी काही विचारलं नाही गं. इथे बाया विचारतात, भाऊ, कोणती घेऊ?"

खरं सांगू, तरी माझा संशय गेला नाही, फक्त दुसरीकडे वळला. मला वाटायचं, मोठी माणसं म्हणजे घडून झालेली माणसं, जशी आहेत तशीच राहतात. एवढा बदललेला माणूस आपलाच राहतो का? घरी येताना मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. बसमध्ये झोपले तर तोंड उघडं, तसेच घोरत होते. मग बरं वाटलं. मला वर्गात उभं राहून बोलायला जमायचं नाही म्हणून मी घरी बसले. आणि हा माणूस या वयात अनोळखी बायांसमोर साडी नेसून उभा राहतो.

पप्पा म्हणाले, "मम्मीला मीच सांगेन, जरा हात बसू दे." म्हणून मी त्यांच्या थोडं आधी घरात शिरून मम्मीला सांगितलं, पप्पा खात्यावरच गेले होते. पण पप्पांचे लूमवरचे जोडीदार बळीरामकाका मम्मीला भाजीच्या लारीवर भेटले आणि बोलून गेले, भाऊने तर खातं केव्हाच सोडलं. मम्मी घरी आली, माझ्याकडे नुसतं बघितलं. "तू बी त्यासनीच शे," म्हणाली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पप्पा रोज उद्या सांगतो म्हणतात. गिऱ्हाइकांसमोर गिरक्या घेतात, पण बायकोसमोर तोंड उघडत नाहीत. ती हसेल, अशी भीती वाटते त्यांना.

उद्या मम्मी तुझ्याकडे निघालीय. बाळाला बघायला जाते म्हणतेय, पप्पांनाही तेच वाटतंय. पण तिने देव्हाऱ्यातली तिच्या माहेरची अन्नपूर्णा पिशवीत घातलीय. मी बघितलं. अन्नपूर्णा घेऊन कोणी चार दिवसांसाठी जात नाही. हे पत्र मी त्याच पिशवीत, बाळाच्या झबल्यांत घालतेय. तिला वाचता येत नाही आणि माझं ती ऐकणार नाही. तुझ्यावर तिचा विश्वास आहे. वर नाव तुझं आहे, पण हे मी तिलाच लिहिलंय. ती आत्ता तुझ्यासमोरच बसली असेल. पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखव. रडली तर थांब, पाणी दे, मग पुढे वाच. आणि हसली, तर पप्पांना फोन करून सांगू नको. तिलाच परत येऊन त्यांच्यासमोर हसू दे.

तुझीच, तोंडाने कमी बोलणारी,
गायत्री