फाटक सहा मीटर सरकवण्याबाबत

तीर्थरूप दादा,

तुला आणि वहिनीला मिळून एकच साष्टांग नमस्कार घालते, तो दोघांनी वाटून घ्यावा. वहिनीचा गुडघा कसा आहे ते आधी कळव. मागच्या पत्रात तू दोन पानं गच्चीवरच्या कुंड्यांवर खर्च केलीस आणि गुडघ्याची बोळवण अर्ध्या ओळीत केलीस. तुझा रक्तदाब, तुझी झोप आणि रिटायर झालेल्या माणसाला जडतो तो सगळ्या जगाला सल्ले देण्याचा विकार, हे तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते. आम्ही इकडे सुखरूप आहोत. म्हणजे हातपाय जागच्या जागी आहेत, एवढ्याच अर्थाने घे.

आमचा बार बंद झाला हे तुला फोनवर कळलंच आहे. सविस्तर सांगता आलं नाही, कारण हे आता दिवसभर घरात असतात आणि फोन कोणाचाही असो, "त्यांना विचार जेवण झालं का" असं शेजारून सांगत राहतात. म्हणून पत्र. (पत्रही ते वाचणार आहेत. शेवटचा मजकूर तर तेच सांगणार आहेत. तेव्हा यात त्यांची जी काही निंदा येईल ती मी त्यांच्या तोंडावर करते आहे, पाठीमागे नव्हे, हे लक्षात असू दे.)

नियम असा निघाला की शाळेच्या फाटकापासून शंभर मीटरच्या आत दारू विकायची नाही. नियमात मला काही खोट दिसत नाही, मी स्वतः मुलीची आई आहे. पण तो आमच्याच गल्लीत इतक्या तातडीने कसा पोचला, याचं कारण ऐक. तिसरीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर गोल काढला, त्याचे चार भाग केले, एक भाग रंगवला आणि विचारलं, याला काय म्हणतात? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "क्वार्टर!" दोन भाग रंगवले तर "हाफ!" बाईंना वाटलं इंग्रजी सुधारलं. मग त्यांनी अख्खा गोल रंगवला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "खंबा!" पहिले दोन शब्द मुलांनी आमच्या दिव्याच्या पाटीवरून उचलले होते, तिसरा दाराबाहेर उभ्या गिऱ्हाइकांच्या तोंडून. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याच दिवशी वरच्या कचेरीत अर्ज धाडला. ह्यांचं म्हणणं असं की आपल्यामुळे मुलांचे अपूर्णांक पक्के झाले, तेव्हा शाळेने खरं तर आभाराचं पत्र पाठवायला हवं होतं.

मग मोजणीवाला आला. लांब टेप, त्याचं एक टोक शाळेच्या फाटकाला आणि दुसरं आमच्या दाराला. चौऱ्याण्णव मीटर भरले. ह्यांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा चौऱ्याण्णव. तिसऱ्यांदा ह्यांनी टेपचं टोक स्वतः धरलं आणि असं काही ओढलं की ते मोजणीवाल्याच्या हातातून सुटून फुलवाल्याच्या बादलीत पडलं. शेवटी ह्यांनी कायद्याचा मुद्दा काढला: बारमधून निघालेला माणूस सरळ रेषेत चालतो हे तुम्ही कधी पाहिलंय का? त्याच्या चालीने मोजा, दीडशे भरतील. मोजणीवाला सज्जन माणूस होता. त्याने ते "अर्जदाराचे म्हणणे" या रकान्यात जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली सही घेतली. पंधरा दिवसांनी दाराला सील लागलं.

इथपर्यंत शाळेची गोष्ट झाली, आता माझी ऐक. एकोणीस वर्षं जो माणूस संध्याकाळी पाचला घरातून निघून पहाटे दोनला परत यायचा, तो एकाएकी चोवीस तास घरात आला. पहिल्या संध्याकाळी सात वाजता ह्यांनी दिवाणखान्यातले दोन दिवे मालवले. मी म्हटलं, लाइट गेली का? तर म्हणाले, नाही, जरा बरं वाटतं. त्या अंधारात मी तांदूळ निवडत होते! जेवताना हे खांद्यावर फडकं टाकून उभे. मी घास घेतला की विचारणार, अजून काही? आणि साडेदहाला स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणणार, "लास्ट ऑर्डर." कन्येला (सातवीत आहे, जीभ माझ्यावर गेली आहे) हे फार आवडलं. ती हात वर करून "बिल" म्हणते आणि ताट न उचलता पळते. आणि खारे दाणे! काहीही मागा, सोबत खाऱ्या दाण्यांची बशी येणार. परवा मला ताप होता तर गोळीबरोबरही आली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी तुला पत्र लिहिलं नसतं. पण आठव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली आणि दारात ह्यांची चार जुनी गिऱ्हाइकं. एक विमा एजंट. एक कोर्टातून निवृत्त झालेले कारकून, जे दुसऱ्या ग्लासाला रडतात म्हणून त्यांना सगळे "दोन नंबर" म्हणतात. एक रंगाच्या दुकानाचे मालक. आणि चौथे कोण म्हणतोस? कन्येचे गणिताचे सर, याच शाळेतले. बारमध्ये ते मागच्या दाराने यायचे. आमच्या घराला मागचं दार नाही, आणि पुढचं उघडलं कन्येने. दोघांची पाचावर धारण बसली. सर आधी सावरले. म्हणाले, प्रगती बघायला आलो होतो. तेव्हापासून ते रोज प्रगती बघायला येतात.

ही माणसं दारूसाठी आली नव्हती रे. दारू पुलापलीकडे मिळते, तिथे शंभर मीटर सुटतात. तिथे जाऊन आले होते. तिथे म्हणे कोणी विचारत नाही, काल का आला नाहीत म्हणून. म्हणून ह्यांना भेटायला आले. पण शुद्धीवर ही माणसं एकमेकांना ओळखतच नव्हती! अकरा वर्षं एका टेबलावर बसून विमा एजंटला माहीत नव्हतं की रंगवाल्यांना मुलं किती. पहिला तासभर चौघं माझ्या पडद्याचं कापड बघत बसले. मी चहा केला. कप चारच, म्हणून ह्यांनी बारचे पेले काढले. दोन नंबर चहाच्या दुसऱ्या पेल्याला रडले. मग सगळ्यांना मोकळं वाटलं आणि गप्पा सुरू झाल्या. त्या दिवसापासून रोज सात ते नऊ माझ्या घरात मैफल, आणि मी आल्याचा चहा उकळते आहे. माझ्या नाकी नऊ आले आहेत हे वेगळं सांगायला नको.

गल्लीचं म्हणशील तर ओळखणार नाहीस. आधी रात्री अकरापर्यंत दिवे, अंड्याची गाडी, रिक्षांची रांग, आणि कोणी ना कोणी मोठ्याने गात असायचं. आम्ही वैतागायचो. आता आठला सगळं चिडीचूप. बारची पाटी विझली तेव्हा कळलं की गल्लीतला निम्मा उजेड तिचाच होता. रात्री उजेड फक्त आमच्या घरात, आणि त्या उजेडात पाच पुरुष, हातात पेले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी (त्यांना अख्ख्या इमारतीच्या कुकरच्या शिट्ट्या पाठ आहेत) दहा दिवस पाहिलं आणि अकराव्या दिवशी तक्रार केली, की बार घरात चालू झाला आहे.

गेल्या मंगळवारी साडेसातला इन्स्पेक्टर आले. बरोबर एक हवालदार, आणि साक्षीदार म्हणून, पहिला अर्ज त्यांचाच ना, साक्षात मुख्याध्यापिकाबाई. दार उघडंच होतं. आत काय दृश्य होतं ते डोळ्यांसमोर आण: दोन दिवे मालवलेले, टेबलावर पाच पेले, पेल्यांत तांबूस काहीतरी, मधोमध खारे दाणे, आणि दोन नंबर हुंदके देत होते. हे खांद्यावर फडकं टाकून उभे. इन्स्पेक्टर नुसते हसले. गुन्हा इतका नीटनेटका मांडून ठेवलेला त्यांनी आयुष्यात पाहिला नसावा. त्यांनी एक पेला उचलला, वास घेतला, पुन्हा घेतला, मग घोट घेतला. आणि म्हणाले, "आलं जरा कमी पडलंय."

मी म्हटलं सुटलो. पण बाईंचं लक्ष पेल्यांकडे नव्हतंच. पडद्याखालून दोन चपला दिसत होत्या आणि त्या चपलांत पाय होते.

"सर?" बाई म्हणाल्या.

पडदा थोडा हलला. "शिकवणी," पडदा म्हणाला. मग त्याला आठवलं की शाळेच्या शिक्षकांना शिकवणी घ्यायला बंदी आहे, म्हणून घाईने म्हणाला, "विनामूल्य."

"आणि विद्यार्थिनी कुठे आहे?"

दादा, माझ्या तोंडचं पाणी पळालं. कन्या आत पलंगावर पडून कसलंतरी चित्र रंगवत होती. पण ती वही-पेन्सिल घेऊन अशी बाहेर आली की जणू मघापासून इथेच होती. "सर, ते तिसरं उदाहरण पुन्हा सांगता?" तिचं कौतुक करू की तिला इतकं सफाईदार खोटं बोलता येतं याची काळजी करू, हे माझं अजून ठरलेलं नाही.

बाई खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "चालू द्या. मीही ऐकते." झालं! इन्स्पेक्टरांनाही जायचं नव्हतं, त्यांचा दुसरा पेला यायचा होता. सर पडद्यामागून बाहेर आले. समोर फळा नाही, खडू नाही, तेव्हा त्यांनी इन्स्पेक्टरांचाच पेला उचलून धरला आणि कन्येला विचारलं, हा एवढा भरलेला आहे, तर किती? कन्येने तोंड उघडायच्या आत विमा एजंट, रंगवाले, दोन नंबर आणि हवालदार एका सुरात म्हणाले, "हाफ!" बाईंनी डोळे मिटून घेतले. पण मग सर खरंच रंगात आले रे. पेले पुढेमागे करत, एकातून दुसऱ्यात ओतत, त्यांनी असे काही अपूर्णांक शिकवले की छेद समान का करायचा हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. दोन नंबर तर म्हणाले, हे आम्हाला कोणी असं सांगितलं असतं तर मी कारकून राहिलो नसतो. आणि पुन्हा रडले. बाईंनी खारे दाणे घेतले. मी पाहिलं.

निघताना आठ वाजून गेले होते. इन्स्पेक्टर गाडीने वेगळ्या वाटेला गेले आणि बाई इमारतीच्या दारात थबकल्या. गल्लीत चिटपाखरू नाही, नुसता काळोख. आधी याच रस्त्याने बिनदिक्कत जायच्या, कारण बारच्या दारात हे उभे असायचे आणि बाईंच्या वाटेत कोणी आलं की खेकसायचे. त्या ह्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "जरा स्टॉपपर्यंत येता?" हे टॉर्च घेऊन गेले. वाटेत बाईंनी ह्यांना सुचवलं की ती जागा रिकामी पडलीय, तिथे चहा-नाश्त्याचं काही काढा, नऊपर्यंत चालवा, गल्लीत उजेड राहील, शाळेची हरकत नाही असं मी लेखी देते. हे परत आले, टॉर्च जागेवर ठेवला. मग म्हणाले, "एकोणीस वर्षं बर्फ टाकला या हातांनी. आता साखर टाकू?"

तर आता ह्यांनी सांगितलेला मजकूर. शब्द त्यांचे आहेत, अक्षर माझं.

"शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष तुमच्या हाताखाली अनेक वर्षं होते आणि तुमचा शब्द खाली पडू देत नाहीत, असे कळते. शाळेचे फाटक सहा मीटर पलीकडे, पाण्याच्या टाकीच्या बाजूस सरकवल्यास अंतर पूर्ण भरते व कोणाचेच नुकसान होत नाही. गवंडी, रंग व नवीन कडी-कोयंडा आम्ही देऊ. पाटीवरील शब्दही बदलू. कृपया अध्यक्षांशी तातडीने बोलावे व काय ते कळवावे. त्याप्रमाणे पुढचे ठरवू."

वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली. तेव्हा दादा, ह्यांना लवकर कामाला लाव आणि माझं घर मला परत मिळवून दे. वहिनीला जिने चढू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. हे पाकीट आणायला गेले आहेत. दुकान पाच मिनिटांवर आहे, पण वाटेत चौघांशी बोलल्याशिवाय ते पोचत नाहीत, म्हणून अर्धा तास धरून घाईने लिहिते. दादा, फाटक हलवू नकोस. अध्यक्षांशी बोलूच नकोस, आणि "मी बोललो, त्यांनी साफ नाही म्हटलं" असं ह्यांना लिही. तुझ्या हाताखालच्या माणसाने तुला नाही म्हटलं हे लिहिताना तुझा जीव खालीवर होईल, पण माझ्यासाठी लिही.

ता. क. दुसरा. काल हे साडेनऊला झोपले. कन्येला कसलीशी गोष्ट सांगता सांगता तिच्या आधी. आणि घोरायला लागले. पहाटे हा आवाज मला रोज यायचा, पण इतकी वर्षं मी तो शेजाऱ्यांच्या पाण्याच्या पंपाचा समजत होते. पंपावरून मी शेजाऱ्यांशी दोनदा भांडलेही आहे. मी आणि कन्या तोंडात उशी कोंबून इतक्या हसलो की मला उठून पाणी प्यावं लागलं. एवढंच. पावलं वाजतायत, थांबते.

ता. क. तिसरा. (हे अक्षर माझं आहे.) दादा, स. न. वि. वि. ही दूध उतू जातंय म्हणून आत पळाली आणि पत्र टेबलावर राहिलं. पत्ता लिहायला घेतलं तर वरचं सगळं वाचनात आलं. तिच्या म्हणण्याप्रमाणे नकारच कळवा. मात्र तो चांगला कडक शब्दांत असावा, म्हणजे मला निदान चार दिवस तोंड पाडून बसता येईल. लगेच कबूल झालो तर एकोणीस वर्षांची अब्रू राहत नाही. चहाची दोन मोठी पातेली मी परवाच पसंत करून ठेवली आहेत, ते हिला सांगू नका. आणि घोरण्याचं म्हणाल, तर तो पंपच आहे.