शांत ड्रायव्हर होण्यासाठी वॉल्ट्झ

८ मे, सोमवार. संध्याकाळी.

डॉक्टर बाईंनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, मशीन बदललं आणि पुन्हा तोच आकडा बघितला. मग विचारलं, काम काय करता? मी सांगितलं, मोथिबी मामांच्या अंत्यविधीच्या दुकानात असतो, पत्रिका लिहितो, मृतांच्या नावात आजवर माझी एकही चूक नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या गिऱ्हाइकांना कसलीच घाई नसते, मग तुम्हाला एवढा ताण कशाचा? मी शांतपणे हसलो. तरी मशीन वाजलं.

थोडक्यात, व्यावसायिक परवान्याच्या तपासणीत रक्तदाबावर नापास. महिनाअखेर पुन्हा बोलावलंय. तोवर मीठ कमी आणि मनाला आनंद देणारा एखादा व्यायाम.

परवाना नाही म्हणजे नवी शववाहिनी नाही. ती गेल्याच आठवड्यात ब्लूमफाँटेनहून आली. पांढरी, लांबलचक, आत जांभळे पडदे. मामांनी स्पष्ट सांगितलंय: भाच्या, परवाना आण आणि किल्ली घे. नाही आणलास तर जूनपासून दुसरा माणूस ठेवीन, माझ्या गुडघ्यात आता क्लच दाबायची ताकद नाही. (ते माझे सख्खे मामा नाहीत. अख्ख्या गालेशेवे वस्तीचे मामा आहेत.)

दहावीत शाळा सुटली तेव्हापासून मला असं काम हवं होतं की मी रस्त्याने जाताना लोकांनी थांबून टोपी काढावी. ते काम आता दुकानासमोर उभं आहे, आणि मध्ये फक्त माझं रक्त आहे.

संकल्प: आजपासून ताण घ्यायचा नाही. सकाळपासून सुरू करतो, कारण आज जरा ताण आहे.

९ मे, मंगळवार.

व्यायाम सापडला. बॉलरूम. कम्युनिटी हॉलच्या दारावर कागद होता: अंकल डेन्झिल यांचा नृत्यवर्ग, वॉल्ट्झपासून सुरुवात, मन हलकं होतं, पाठ सरळ होते, झोप लागते. कागदावर शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या पेनाने दुरुस्त करून आत गेलो.

अंकल डेन्झिल सत्तरीचे आहेत. त्यांच्या बुटात आपला चेहरा दिसतो. त्यांनी पहिलंच वाक्य असं टाकलं की बॉलरूममध्ये पुरुष नेतो आणि बाई येते. हे ऐकूनच निम्मा ताण गेला. घरी आई नेते, दुकानात मामा नेतात. कुठेतरी मलाही नेता यायला हवं.

बाकी सगळे जोडीने आले होते. मला म्मा सेइपाती मिळाल्या. वर्षानुवर्षं शाळेची बस चालवून नुकत्याच निवृत्त झाल्यात. मला बघून म्हणाल्या, तू मागच्या सीटवर उलटी करणारा गोमोलेमो ना? मी म्हणालो, मला तसं काही आठवत नाही.

आठवतं.

११ मे, गुरुवार.

प्रगती. आज मी म्मा सेइपातींना उत्तम नेलं. कुठे न्यायचं एवढंच त्या सांगत होत्या.

पाय थोडा पडला त्यांच्या पायावर. थोडा म्हणजे पूर्ण. त्यावर म्हणाल्या, पोरा, भरलेली बस मी एका हाताने वळवली, तू दोन हात लावून मला वळवू शकत नाहीस. अंकल डेन्झिल लांबून ओरडले, राजा, ती बाई आहे, फ्रीज नाही, ढकलू नकोस! सगळे हसले. मी मनावर घेतलं नाही. घरी येईपर्यंत मनावर घेतलं नाही हेच मनाशी म्हणत आलो.

१३ मे, शनिवार.

दुकानात सकाळी अंत्यविधी, दुपारी निवांत. पुष्पचक्राच्या स्टँडला धरून सराव केला. उंची योग्य, स्वभाव शांत, काही बोलत नाही. आदर्श जोडीदार. डोळे मिटून वळत होतो तेवढ्यात मामा एका कुटुंबाला घेऊन आत आले. त्यातली म्हातारी म्हणाली, बघा ग, दुकानातलं पोर आपल्या बापूसाठी कसं हुंदके देतंय. आणि त्यांनी मोठं पुष्पचक्र घेतलं.

मामा नंतर म्हणाले, भाच्या, तू काय करत होतास ते मला सांगू नकोस. पण करत जा.

१६ मे, मंगळवार.

आज वर्गात नियम शिकवला. मला नियम आवडतात. हॉलमध्ये सगळ्या जोड्या एकाच दिशेने गोल फिरतात आणि हॉलचा मध्य नेहमी डाव्या हाताला ठेवायचा. हा नियम मोडला की टक्कर. अंकल डेन्झिल म्हणाले, पायऱ्या विसरलास तरी चालेल, दिशा विसरलास तर माझ्या हॉलमध्ये पाऊल टाकू नकोस.

मी दिशा विसरणाऱ्यांतला नाही. घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती सराव केला, अंगणात पाण्याच्या नळाभोवती केला. आई दारात तेलात तळलेल्या मग्विन्या खात बघत होती. म्हणाली, तुझा बाप पिऊन असा चालायचा. तू फुकट चालतोस.

तिला मानेची ठेवण दाखवली: हनुवटी वर, नजर जोडीदाराच्या खांद्यावरून पलीकडे. ती म्हणाली, असाच चाल आणि गटारात पड.

२१ मे, रविवार.

चर्चमध्ये किरकोळ प्रकार. दानाच्या वेळी सगळी मंडळी गात-नाचत पुढच्या टेबलापाशी जातात, पैसे टाकून टेबलाला वळसा घालून परततात. मी टेबल डाव्या हाताला ठेवून निघालो. बघतो तो अख्खं चर्च समोरून उलट येतंय. महिला मंडळ तर रांगच्या रांग अंगावर आलं. पाद्री म्हणाले, बंधू गोमोलेमो आज पैसे टाकायला आलेत की उचलायला?

लोकांना दिशेचा साधा नियम माहीत नाही, त्याला मी काय करणार. पण नोंद करण्यासारखी गोष्ट अशी की पाय आता विचार न करता बरोबर दिशेला वळतात. अंकल डेन्झिल यालाच शिकणं म्हणतात.

२३ मे, मंगळवार.

औषधाच्या दुकानातल्या मशीनवर रक्तदाब मोजला. जास्त. मशीन बिघडलेलं आहे. दुकानदाराला तसं सांगितलं. त्याने स्वतःचा मोजून दाखवला, व्यवस्थित आला. म्हणजे मशीन माणूस बघून बिघडतं.

झोप अजून लागत नाही. ताण कमी होतोय की नाही याची काळजी वाटत राहते.

२५ मे, गुरुवार.

आज अंकल डेन्झिल संगीत थांबवून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, आयुष्यभर हे शिकवतोय, पण असा नाच मी पाहिला नाही. मी नम्रपणे मान खाली घातली. लगेच ओरडले, मान वर!

म्मा सेइपाती म्हणाल्या, एक गोष्ट आहे हं, हा पोरगा मागे फार छान सरकतो. खरंच, माझी मागची पायरी आता अगदी सफाईदार आहे. आधी चवडा, मग टाच, आवाज नाही.

२६ मे, शुक्रवार. घाईत.

मोठी बातमी. शववाहिनीपुढे टोपी आणि काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला सर्दी-ताप. उद्याचा अंत्यविधी जुन्या मुख्याध्यापकांचा, निम्मं गालेशेवे येणार. मामा म्हणाले, भाच्या, उद्या तू पुढे चाल, मी गाडी घेऊन मागे येतो. काही डोकं लावू नकोस, नुसता चाल.

आमच्या दुकानाची पद्धत अशी की पुढच्या माणसाला शववाहिनी ओलांडत नाही आणि शववाहिनीला दुसरी कुठलीही गाडी ओलांडत नाही. तो थांबला की सगळे थांबतात, तो वळला की सगळे वळतात. मामांच्या वडिलांपासून हे चालत आलंय. म्हणजे उद्या मागची सगळी मिरवणूक मी नेणार. आणि सोमवारी तपासणी. अंगात शांती अशी काही भरून आली की संध्याकाळपासून पुन्हा पुन्हा टोपी घालून बघतोय.

२७ मे, शनिवार. अंथरुणातून.

घडलं ते जसंच्या तसं लिहितो. दोष कोणाला देत नाही.

हिवाळा लागलाय, सकाळी कडाक्याची थंडी. पांढरे हातमोजे, उंच टोपी, काठी. मागे मामा नव्या शववाहिनीत, त्यामागे घरच्यांच्या गाड्या, गायकांची बस, शेजारपाजार. मी टाच आधी टेकवत निघालो. हनुवटी वर. रस्त्याच्या कडेला लोक थांबत होते. एकाने लोकरीची टोपी काढली. मला आत कुठेतरी वॉल्ट्झ ऐकू यायला लागला.

मग मोठा चौक आला. मधलं वर्तुळ, वर्तुळात दिव्याचा खांब.

मी मध्य डाव्या हाताला ठेवला.

वाहनांनी तो उजव्या हाताला ठेवायचा असतो, हे मला माहीत आहे. परवान्याच्या लेखी परीक्षेत मला त्याचे पूर्ण गुण आहेत. पण मी त्या वेळी वाहन नव्हतो.

मामांनी हॉर्न वाजवला नाही, कारण अंत्ययात्रेत हॉर्न वाजवत नाहीत. त्यांनी मला ओलांडलं नाही, कारण ओलांडत नाहीत. सगळी मिरवणूक माझ्यामागे उलट्या बाजूने चौकात शिरली आणि समोरून टॅक्स्या आल्या. पहिल्या टॅक्सीवाल्याने अर्धं अंग खिडकीबाहेर काढून विचारलं, ए टोपीवाल्या, वर कोणाला जायचंय, त्याला की तुला? त्याच्या मागच्या सीटवरची एक बाई ओरडली, अरे मेलेल्या माणसासमोर असं बोलू नये! तो म्हणाला, मेलेल्याला नाही, याला बोलतोय!

मी थांबलो आणि मागची पायरी घेतली. आधी चवडा, मग टाच. पायरी उत्तम होती. मागे शववाहिनीचं चाक होतं.

डावा पाय.

मामा मला बघायला गाडीतून उतरले ते उतरलेच. गुडघे धरले, पुन्हा चढता येईना. समोर टॅक्स्या, मागे बस, मध्ये मुख्याध्यापक. गाणारे थांबले, मग काय करावं न कळून पुन्हा गायला लागले. तेवढ्यात गायकांबरोबर आलेल्या म्मा सेइपाती बसमधून उतरल्या. खांद्यावरचं ब्लँकेट कमरेला गुंडाळलं, शववाहिनीत बसल्या, एक हात खिडकीबाहेर काढला आणि मागच्या एकेका गाडीला इशारा देत अख्खी मिरवणूक उलटी चौकातून बाहेर काढली. मग पुढे घेऊन बरोबर बाजूने वळवली आणि दफनभूमीकडे गेल्या. एक झटका नाही, एक हिसका नाही. टॅक्सीवाल्याने टाळ्या वाजवल्या.

मी रस्त्यावर बसून काठीने दिशा दाखवत होतो. म्मा सेइपातींचं म्हणणं, त्यांना काठी दिसली नाही.

मुख्याध्यापकांच्या पत्नीचा दुपारी निरोप आला. मला वाटलं, आता काही खैर नाही. निरोप असा होता की आमच्या माणसाने जन्मात एक नियम मोडला नाही, तुमच्या मुलाने जाता जाता मोडायला लावला, आभार.

२९ मे, सोमवार.

तपासणीचा दिवस. पायाला प्लास्टर. डॉक्टर बाई म्हणाल्या, क्लचचाच पाय, तोही मोडलेला, मी सही कशी करू? मी म्हणालो, रक्तदाब तरी बघा. मशीन वाजलं. त्या म्हणाल्या, नाचाने काही फरक दिसत नाही. मी म्हणालो, फरक पडणारच होता, मध्ये चौक आला.

घरी मामा आले होते. आईने चहा दिला. त्यांनी तो संपवला. मग म्हणाले, भाच्या, वाईट वाटून घेऊ नकोस. म्मा सेइपातींचा परवाना चालू आहे. बस चालवलेलीच आहे. शनिवारी सगळ्या लोकांनी बघितलं. किल्ली मी त्यांना दिली.

मी म्हणालो, योग्य निर्णय आहे, मीही हेच सुचवणार होतो. आणि भिंतीकडे तोंड करून झोपलो. झोपलो म्हणजे पडलो.

आई पलीकडून म्हणाली, रडतोस का रे गोमो? मी म्हणालो, पाय दुखतोय. ती म्हणाली, बरं. मग पाय दाबत बसली. उजवा.

३१ मे, बुधवार.

म्मा सेइपाती मोसंबी घेऊन बघायला आल्या. म्हणाल्या, मला शेजारच्या सीटवर एक माणूस लागणार, पत्रिका सांभाळायला, घरच्यांना दार उघडायला. मामांना तुझं नाव सांगितलंय. मी विचारलं, माझंच का? म्हणाल्या, तू उभा असलास की त्रास, बसलेला असलास की बरा असतोस.

मी विचार करून होकार दिला. त्यांना रस्त्यांचा अनुभव असेल, पण अंत्ययात्रेची गती, वळणाआधीचं थांबणं, या गोष्टी कोणीतरी शेजारून सांगाव्या लागतील. म्हणजे चाक त्यांच्या हातात, पण गाडी खऱ्या अर्थाने मीच नेणार.

३ जून, शनिवार.

शववाहिनीत पहिली फेरी. सकाळी इस्त्रीचा कोट, एक बूट, एक प्लास्टर. मांडीवर पत्रिकांचा गठ्ठा. सूचना मनात तयार ठेवल्या होत्या: दुकानाबाहेर पडताना हळू, उतारावर पहिला गिअर, चौकात मी सांगेन तेव्हा.

आत हीटर चालू होता. पडद्यांतून जांभळा उजेड येत होता. म्मा सेइपाती गाडी अशी चालवतात की ती चालते आहे हेच कळत नाही. मी पहिली सूचना द्यायला तोंड उघडलं.

चौक कधी गेला मला माहीत नाही.

दफनभूमीच्या फाटकाशी एका आजीबाईंनी काच ठोठावली तेव्हा उठलो. टोपी डोळ्यांवर, गाल पत्रिकांवर, वरच्या पत्रिकेतलं मृताचं नाव ओलं. आजीबाई म्मा सेइपातींना सांगत होत्या, हल्लीच्या पोरांत एवढी श्रद्धा कुठे दिसते, सगळा रस्ता मान खाली घालून बसला होता. म्मा सेइपाती म्हणाल्या, हो ना, आणि मधूनमधून प्रार्थनाही म्हणत होता, जरा मोठ्याने.

विधी झाला. घरच्यांकडे हात धुतले, मक्याच्या पिठाचं घट्ट पाप, मांस आणि बीट जेवलो. तिथे डॉक्टर बाईही आल्या होत्या. त्यांच्या पिशवीत पट्टा होता. मी नको नको म्हणत असतानाच बांधला. मशीन वाजलं नाही. त्यांनी पुन्हा मोजलं. म्हणाल्या, अभिनंदन, अगदी लहान मुलासारखा आहे. काय केलंत?

मी म्हणालो, आज थोडं नेतृत्व सोडून बघितलं.

परतताना मात्र जागं राहायचं आणि निदान चौकात तरी सूचना द्यायची असं पक्कं ठरवलं. दुकानाशी आल्यावर म्मा सेइपातींनी उठवलं.