भरतीतून नाव काढलं त्याची हकीगत

सूनबाई,

सांगून खरं वाटायचं नाही, पण तुझी लेक सोमवारी सैन्याच्या ट्रेनिंगला जात नाही. बापाच्या हौसेपायी सही करून बसली आणि आठवडाभर धड जेवली नाही, म्हणून आम्ही आजोबा-नात भरतीच्या ऑफिसात नाव काढायला गेलो. साहेब गुरगुरला, "सही म्हणजे सही!" मी टेबलावर काठी आपटली, "ट्रेनिंग सुरू होईपर्यंत पोरगी आमची!" साहेबाने उठून मला कडक सॅल्यूट ठोकला आणि अर्ज मंजूर केला. गल्लीभर डंका पिटणाऱ्या माझ्या चिरंजीवांना मी बघून घेतो, तू फक्त पोरीला बोलू नकोस.

तुझी लेक माझ्या खांद्यावरून वाचतेय आणि ओरडतेय, "आजोबा, काय थापा मारताय! आपण अजून घरातच आहोत. आधी चपला घाला!"